सणाचे ताट आणि गव्हाचे पाच दाणे

सण हा शेतकऱ्याच्या घरी केवळ देवाचा दिवस नसतो. तो अन्नाचाही दिवस असतो. वर्षभर राबून जे पिकविले, त्यातील उत्तम ते त्या दिवशी ताटात येते. दारी आलेला कोणीही उपाशी परत जाऊ नये, ही त्या दिवसाची रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो आहोत. अशा दिवशी घरातल्याच एखाद्या लेकराला पंक्तीत बसवून, "हे तुझ्यासाठी नाही," असे वारंवार सांगावे लागले, तर त्या सणाची गोडी कितीशी उरते? गहू ज्यांना सोसत नाही, अशांच्या घरी हा प्रसंग दर सणाला येतो. माझ्या घरीही तो आला. म्हणून पीक-पाण्याचा नेहमीचा विषय बाजूला ठेवून आज या विषयावर लिहीत आहे. वास्तविक हा विषय पीक-पाण्यापासून फारसा दूर नाही, हे लेख संपेपर्यंत वाचकांच्या ध्यानी येईलच.

हा विकार कोणता?

गव्हाची कणीक भिजवली की ती ताणली जाते, तुटत नाही. हा गुण गव्हातील ग्लुटेन नावाच्या चिवट प्रथिनाचा होय. त्याच्याच बळावर पोळी पातळ लाटता येते आणि पाव फुगतो. जव व राय या धान्यांतही याच जातीची प्रथिने असतात. बहुतेक माणसांना त्यांपासून काहीच अपाय होत नाही. परंतु काही जणांच्या शरीरात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षणशक्ती उलटून आपल्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याच्या आतील अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर त्यामुळे झिजतात, आणि खाल्लेले अंगी लागत नाही. या विकारास सीलिअॅक रोग असे म्हणतात.

या रोगाचे मूळ धान्यात आहे, हे ओळखण्याचा इतिहास शेतकऱ्याने जाणून घ्यावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाचा भीषण दुष्काळ पडला व पाव मिळेनासा झाला. त्या काळात या विकाराची मुले सुधारत असल्याचे, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती खालावत असल्याचे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आले. गव्हावरचा त्यांचा संशय जुना होता. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो सप्रमाण मांडला.

आपल्याकडे हा रोग अगदी दुर्मीळ आहे, असा समज होता. तो आता राहिलेला नाही. उत्तर भारतात पाहणी झाली तेव्हा सुमारे शंभरांत एकास हा विकार आढळला. दक्षिणेकडे मात्र तो पुष्कळच कमी दिसला. दीर्घकाळ चालणारी हगवण, पोटाचा नगारा, मुलाची खुंटलेली वाढ, लोहाच्या गोळ्या देऊनही न हटणारा पांडुरोग, ही त्याची काही लक्षणे होत. रक्ताची तपासणी व दुर्बिणीने घेतलेला आतड्याचा तुकडा यांवरून निदान होते. येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. केवळ संशयावरून गहू आधीच बंद करू नये. तसे केल्यास तपासणीत रोग लपून राहतो. आधी डॉक्टर, मग पथ्य, हाच क्रम योग्य होय. आणि एकदा निदान झाले की औषध एकच: गहू, जव व राय यांचा जन्मभर त्याग.

"एवढ्याशा घासाने काय होते?"

२०२२ साली माझ्या सहा वर्षांच्या मुलीस हा विकार असल्याचे निष्पन्न झाले. त्या वेळी मला फारशी चिंता वाटली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मी कृषी पदवीधर. सोलापूर जिल्ह्यातील ज्वारीच्या पट्ट्यात वाढलेला. गहू नाही तर ज्वारी, त्यात काय मोठेसे, अशी माझी समजूत होती. दिवाळीच्या सुमारास गावाकडची मालदांडी ज्वारी दळून आणली, घरी भाकरी सुरू केली आणि काम झाले असे मानले.

त्याच दिवाळीत पाडव्याला आम्ही एका नातलगांकडे गेलो. तेथील वृद्ध आत्याबाईंनी मुलीच्या हातावर करंजीचा तुकडा ठेवला. पत्नीने अडवू पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा घासाने काय होते? सणाचं आहे, नाही म्हणू नये." पत्नीने माझ्याकडे पाहिले. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो. मुलीने तो तुकडा खाल्ला. त्या रात्री व पुढे दोन दिवस तिचे जे हाल झाले, ते येथे सांगत बसत नाही. त्यात आत्याबाईंचा दोष नव्हता. त्यांनी प्रेमच केले होते. दोष ज्याला माहीत होते आणि जो गप्प राहिला त्याचा, म्हणजे माझा होता.

एवढ्याशा घासाने काय होते, याचे उत्तर आता आकड्यांत देता येते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात जात राहिले, तरी या रोग्याच्या आतड्याला इजा होऊ शकते. एवढे ग्लुटेन सुमारे अर्ध्या ग्रॅम कणकेत असते. अर्धा ग्रॅम म्हणजे पोळपाटावर भुरभुरलेली चिमूटभर पिठी! प्रत्येक वेळी उलटी वा पोटदुखी होतेच असेही नाही. रोगी हसतखेळत असतो आणि आतडे आत झिजत असते. म्हणून आग्रह करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की या बाबतीत आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानू नये. आणि आईबापांनीही संकोच सोडावा. "पोरीला गहू वर्ज्य आहे, डॉक्टरांनी सांगितले आहे," हे वाक्य दारात पाऊल टाकतानाच सांगून टाकावे. पान वाढल्यावर सांगण्यापेक्षा ते यजमानासही सोयीचे जाते.

सणाचे ताट गव्हावाचून अडत नाही

गहू वर्ज्य म्हणजे सण बुडाला, असे अनेकांना वाटते. आमच्या आईनेही पहिल्यांदा कपाळाला हात लावला होता. पण मग ती व माझी पत्नी यांनी वर्षाचे सण एकेक करून मोजले, तेव्हा असे दिसून आले की आपल्या सणांच्या ताटात गव्हाला जेवढा मान आहे, तेवढी त्याची गरज नाही.

गणेश चतुर्थीचा उकडीचा मोदक तांदळाचा. दिवाळीचे अनारसे तांदूळ व गुळाचे. चकलीची भाजणी तांदूळ व डाळींची. बेसनाचे लाडू, शेव, पोह्यांचा चिवडा, यांत गहू कोठे आहे? भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. चंपाषष्ठीला खंडोबाला बाजरीचा रोडगा व वांग्याचे भरीत. आमच्या भागात व मराठवाड्यात वेळ अमावास्येला सारे गाव रानात जेवायला जाते. तेथे ज्वारीची आंबील आणि बाजरीचे उंडे हवेतच. त्या दिवशीची गव्हाची खीर तेवढी आम्ही तांदळाची करतो. उपवासाचे तर सगळेच पदार्थ, म्हणजे वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, मूळचेच गव्हाविना आहेत.

राहता राहिली पुरणपोळी, करंजी, शंकरपाळे, चिरोटे आणि रव्याचा शिरा. यांपैकी पुरणपोळीचा प्रश्न उकडीने सुटतो. ज्वारीच्या वा तांदळाच्या पिठात ताण धरणारे ग्लुटेन नसते, पण उकळत्या पाण्यात पीठ शिजले की त्यातील पिष्ट चिकट होते व तेच बांधणीचे काम करते. जेवढे पीठ तेवढेच पाणी घ्यावे, त्यात मीठ व तूप घालून उकळी आणावी, पीठ घालून झाकण ठेवून वाफ द्यावी आणि उकड गरम असतानाच पाण्याचा हात लावून चांगली मळावी. पुरण कोरडे असावे. पोळी तळहाताएवढी ठेवावी आणि केळीच्या पानावर थापावी; मोठी करण्याचा हव्यास धरला की ती तव्यावर टाकताना मोडते. पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते, हे भाकरी थापणाऱ्या भगिनींना मी सांगावे असे नाही. शिरा वरीचा किंवा तांदळाच्या रव्याचा उत्तम होतो.

करंजीने मात्र आम्हांला दाद दिली नाही. तांदळाच्या पारीच्या करंज्या कढईत फुटल्या, सारण तेलात जळले आणि घरभर धूर झाला. तेव्हा एका कोकणस्थ शेजारणीने सांगितले, "अहो, आमच्याकडे गणपतीत मोदकांबरोबर उकडीची करंजी करतातच. तळता कशाला? वाफवा की." तेव्हापासून आमच्या घरी दिवाळीची करंजी वाफवलेली असते. ती तळलेल्या करंजीसारखी खुसखुशीत लागत नाही, हे खरे. पण ती करंजीच असते. चिरोटे व शंकरपाळे आम्ही सोडून दिले. सगळेच जमते, असा दावा मी करीत नाही.

देवाच्या नैवेद्यात बदल कसा करावा, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी विचारतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचेच पाहा. गव्हाचा अभाव असल्यास तांदळाचे पीठ घ्यावे, अशी सोय त्या कथेतच सांगितलेली आहे. ज्यांनी ती कथा रचली त्यांना अडचण समजत होती. आपणही ती समजून घ्यावी.

निराळे ताट नको, एकच ताट असावे

येथे माझे मुख्य मत मांडतो. बहुतेक घरी अशा मुलासाठी निराळे पातेले व निराळे ताट ठेवतात आणि बाकीच्यांचा स्वयंपाक नेहमीचाच होतो. रोजच्या दिवशी हे चालेल. परंतु सणाच्या दिवशी, निदान एका मुख्य जेवणापुरता, साऱ्या घराचाच स्वयंपाक गव्हाविना करावा, असे मला अनुभवान्ती वाटते.

याची कारणे दोन. पहिले कारण स्वच्छतेचे. सणाच्या गर्दीत एकच कढई, एकच झारा, एकच पोळपाट चारी बाजूंना फिरतो. ज्या तेलात गव्हाच्या करंज्या तळल्या त्यातच चकली तळली, की ती चकली गव्हाविना राहिली नाही. स्वयंपाकघरात कणीकच उघडली नाही, तर ही भीती मुळातच उरत नाही. दुसरे कारण मनाचे. आपल्या कोरडवाहू भागात भाकरी रोजची आणि पोळी सणाची, अशी जुनी समजूत आहे. पाहुण्यास पोळी वाढणे हा मान, भाकरी वाढणे ही गरिबी! सर्वांना पोळी आणि एकटीला भाकरी वाढली, तेव्हा माझ्या मुलीने आजीला विचारले, "आजी, माझा सण नाही का?" त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. पुढच्या होळीला साऱ्या घराने ज्वारीच्या उकडीची पुरणपोळी खाल्ली, तेव्हा तो प्रश्न पुन्हा आला नाही.

मोठ्या खटल्यात हे शक्य नसेल, तर निदान क्रम पाळावा. गव्हाविना पदार्थ आधी, धुतलेल्या भांड्यांत व ताज्या तेलात करून झाकून ठेवावेत. कणीक नंतर उघडावी. पोळपाट-लाटणे व भाकरीचा तवा निराळा असावा. डब्यातल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, ते वेष्टनावर वाचून घ्यावे. सातूचे पीठ, रवा, मैदा, दलिया, शेवया, बिस्किटे वर्ज्य. माल्ट घातलेल्या पेयांत बहुधा जव असतो. खपली गहू पचायला हलका म्हणून या रोग्यास चालतो, असे सांगणारे भेटतात. ते साफ चुकीचे आहे. खपली हाही गहूच आहे आणि त्यातही ग्लुटेन आहे.

खरी अडचण गिरणीत व खळ्यावर

आता आपल्या खात्याचा विषय येतो. मघाशी सांगितलेली मालदांडी ज्वारी आम्ही दोन महिने खाऊ घातली. तरीही मुलीची प्रकृती सुधारेना. तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "दळण कोठे दळता?" मी गावच्या गिरणीत जाऊन उभा राहिलो. माझ्या आधी दोघांचे गहू दळले जात होते. त्याच दगडांतून, त्याच तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीतून माझी ज्वारी खाली येणार होती. जे औषध म्हणून आम्ही देत होतो, त्यातच रोग कालवला जात होता. आईने मग माळ्यावरचे जाते उतरवले, त्याला टाकी लावून घेतली आणि सहा महिने त्यावरच दळण झाले. पुढे लहान घरघंटी घेतली; तिच्यात गहू कधीच घातला जात नाही. त्यानंतर तिची प्रकृती सुधारू लागली.

खळ्यावरची गोष्टही अशीच. रब्बी ज्वारी व गहू यांची काढणी थोड्याफार अंतराने येते. मळणी यंत्र एकच, ताडपत्री एकच, पोतीही तीच. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ग्लुटेनमुक्त अन्नासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा ठरविली आहे. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा व त्यात सुमारे दहावा हिस्सा ग्लुटेन धरले, तर एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की ही मर्यादा गाठली जाते. पाच दाणे! बाजारात ज्याला आपण स्वच्छ माल म्हणतो, त्यातही ते सहज निघतील.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी, बाजरी, नाचणीचे पुष्कळ गुणगान झाले. अनेक बचत गट भाकरीचे पीठ व लाडू विकू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' असा शब्द छापण्यापूर्वी त्यांनी दहा वेळा विचार करावा. आपली ज्वारी ग्लुटेनमुक्त आहे, पण आपले यंत्र, पोते व गिरणी ग्लुटेनमुक्त आहे काय? तपासणी न करता तो शब्द छापणे म्हणजे एखाद्या आईच्या विश्वासाशी खेळणे होय. उलट ज्यांनी ही काळजी घेतली, त्यांच्या मालाला खात्रीचे गिऱ्हाईक आहे.

कोणी म्हणेल, थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला? शिवाय स्वस्त धान्य दुकानात गहू मिळतो आणि चांगल्या मालदांडीचा भाव गव्हाहून चढा असतो. ही अडचण खरी आहे, आणि गरीब घरी ती फार जाचते. म्हणूनच ज्याच्या शेतात ज्वारी आहे, त्याने शेजारच्या अशा घरासाठी पायली दोन पायली निवडून बाजूला ठेवणे, हे मी सणाच्या दानाइतकेच मोलाचे मानतो. मात्र या लेखावरून कोणी गहू वाईट असे समजू नये. निरोगी माणसास गहू उत्तम अन्न आहे. शहरातील फॅशन म्हणून तो सोडण्याचे कारण नाही, आणि पेरा कमी करण्याचे तर नाहीच.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी एवढीच सूचना आहे. आपल्या गावात असे घर आहे काय, याची अंगणवाडी सेविका व आशा यांच्याकडे चौकशी करावी. असल्यास गिरणीवाल्यांशी बोलावे. गिरणीत अनेक दगडी संच असतील, तर एक संच व एक पिशवी केवळ ज्वारी-बाजरी-तांदळासाठी राखून ठेवता येईल. नसतील, तर त्या घरास जात्याचा वा घरघंटीचा मार्ग दाखवावा. मळणीपूर्वी यंत्र झाडून घेणे, आधी ज्वारी मग गहू असा क्रम लावणे, निराळी पोती वापरणे, यास खर्च येत नाही. गावच्या भंडाऱ्यात वरीचा किंवा तांदळाचा प्रसाद करावा, असे मंडळास सुचवावे. तो सर्वांनाच चालतो.

या दिवाळीत आमच्या घरी ज्या आत्याबाई येणार आहेत, त्या त्याच आहेत. मागील महिन्यात त्यांनी निरोप पाठविला, "येताना मी अनारसे आणते, तांदूळ जात्यावर दळलाय, म्हणावं." एका वृद्ध बाईला जे समजले, ते गावाला समजण्यास अडचण नसावी. पंक्तीतला शेवटचा माणूसही निर्धास्तपणे जेवला, म्हणजेच सण पुरा झाला.